सोनाका आपली, नाव दुसऱ्याचं

फळछाटणीची गडबड सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत, म्हणून आज फवारणी सोडून वेगळ्या विषयावर लिहितोय.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. उन्हाळा कडक, पाऊस कमी, चुनखडीची लाल जमीन, ऑलिव्ह आणि द्राक्ष. खायच्या द्राक्षाची बाग तिथं डोक्यावरच्या मंडपावर असते. ते त्याला तेंदोने म्हणतात, आपण मंडप म्हणतो, काम तेच. इटलीची वाईन म्हटलं की जगाच्या तोंडी तोस्काना येतं, प्येमोंते येतं. पुलियाचं नाव कित्येक वर्षं कुणी घेत नव्हतं. माल मात्र त्यांचाच जायचा. तिथली गडद, कडक वाईन टँकरनं उत्तरेला जायची आणि तिकडच्या फिक्या वाईनला रंग नि जोर द्यायला वापरायची. बाटलीवर नाव दुसऱ्याचं. वाचताना आपला बेदाणा आठवला की नाही?

त्यांची एक जात आहे, प्रिमितिव्हो. लवकर पिकते म्हणून ते नाव. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञ कॅरोल मेरेडिथ यांच्या डीएनए तपासणीतून पक्कं झालं की अमेरिकेत गाजलेली झिनफांडेल आणि ही गरीब प्रिमितिव्हो एकच. पुढं 2001 मध्ये मूळ वेल क्रोएशियात सापडला. वेल तोच, द्राक्ष तेच, पण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला नाव ओळखीचं झालं. आज पुलियातले लोक प्रिमितिव्हो, नेग्रोआमारो अशी जातीची नावं मोठ्या अक्षरात छापून बाटली विकतात.

आता आपल्याकडं या. सोनाका कुठली? आपल्या नान्नजची. थॉमसनच्या बागेत वेगळी, लांब मण्याची काडी नानासाहेब काळे यांच्या नजरेला पडली, त्यांनी ती जपली, वाढवली. काळी शरद सीडलेसही त्यांचीच, किशमिश चोर्नीतून निवडलेली. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही, नुसती शेतकऱ्याची नजर. या जाती पुढं कुठं कुठं गेल्या, हे नर्सरीवाल्यांना विचारा. शेतकऱ्याला स्वतःची जात नोंदवायचा हक्क देणारा कायदा आला 2001 मध्ये. तोवर सोनाकाच्या काड्या गावोगाव पोचल्या होत्या. मुंबईच्या गिऱ्हाइकाला मात्र द्राक्ष म्हणजे नाशिक, बेदाणा म्हणजे सांगली. त्यांनी मेहनत केली, मानांकन घेतलं, त्यांचं चुकलं काहीच नाही. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीतला फळवालासुद्धा सोनाका "नाशिकचा माल" म्हणून ओरडून विकतो, तेव्हा मात्र हसावं की रडावं कळत नाही.

वाईनचंही तसंच. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली कंपनीच्या बागा आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरच्या भावांनी ती उभी केली. वाईन करायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. ज्या सांजोव्हेजेवर इटलीची कियांती उभी आहे, ती जात इथल्या उन्हात वाढते. सांजोव्हेजे आणि कॅबर्ने मिळून केलेल्या त्यांच्या सेत्ते वाईनचं नाव बरंच झालं. पण ती पिणाऱ्या किती जणांना अकलूज कुठं आहे हे ठाऊक असेल?

मी स्वतः घेत नाही, घरात माळकरी आहेत. पण पीक म्हणून वाईनच्या द्राक्षाकडं बघायला काय हरकत आहे? शेती पूर्ण वेगळी आहे. मणी बारीक, साल जाड, आत बिया. जीएच्या डिपा नाहीत, मणी फुगवायची धडपड नाही. उलट माल मुद्दाम कमी ठेवायचा, एकरी चार-पाच टन, म्हणजे साखर आणि चव घट्ट बसते. आपल्याकडं अडचण आंबटपणाची. दिवसाच्या उन्हात तो झरझर उतरतो, म्हणून तोडणी रात्री किंवा पहाटे.

हे वाचून लगेच काड्या मागवू नका. वाईनच्या द्राक्षाला कंपनी सोडून दुसरं गिऱ्हाईक नाही. खायचं द्राक्ष विकलं नाही तर रॅकवर टाकून बेदाणा होतो, चार किलोचा एक किलो का होईना, हातात राहतो. बियांच्या बारीक द्राक्षाचं काय करणार? 2008 नंतरच्या मंदीत नाशिककडं काही वायनरींनी माल उचलला नाही, लोकांनी उभ्या बागा तोडल्या. लेखी करार, त्यात दर, उचलायची तारीख आणि पैसे द्यायची मुदत, हे नसेल तर एक गुंठासुद्धा नको. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायच्या निर्णयावरून केवढा गदारोळ झाला! शेतकऱ्याचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं. आपल्या बहुतेकांच्या मंडपाखाली खायचं द्राक्ष आहे, त्याला त्यातून काय मिळणार होतं, हे कुणी बोललं नाही.

म्हणून माझं मत असं की वाईन ज्याला परवडेल त्यानं बघावी, पण नावाचं काम सगळ्यांचं आहे. डाळिंबाला सोलापूरचं नाव आहे, चादरीला आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे. सोनाकाच्या बॉक्सवर व्यापाऱ्याचा ब्रँड असतो, गाव कुठंच नसतं. निदान जे स्वतः पॅकिंग करतात त्यांनी यंदापासून बॉक्सवर जात आणि गाव छापावं. त्याला वेगळा खर्च येत नाही.

मानांकनाचा अर्ज एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही, संघ लागतो. आणि जुने पुरावे लागतात. घरात आजोबांच्या वेळच्या द्राक्षाच्या पट्ट्या, काड्या घेतल्याच्या पावत्या, बागेतले फोटो असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. सोनाकाची सगळ्यात जुनी बाग कुणाकडं उभी आहे, लागवडीचं साल काय, खाली लिहा. नान्नज, कासेगाव भागातल्या मंडळींनी तर नक्की.

जमिनीत ओल अजून जास्त आहे. आमच्याकडं पहिली छाटणी 10 ऑक्टोबरच्या पुढंच.