आडनाव न विचारणारा किल्ट

भाड्याने फ्लॅट बघायला गेलात की घरमालक आधी काय विचारतो? पगार नाही. ‘पूर्ण नाव काय?’ आणि पूर्ण म्हणजे आडनाव, हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. ऑनसाइट एडिंबरोला गेलेल्या माझ्या एका मित्राला हाच प्रश्न चक्क कपड्यांच्या दुकानात आला! कलीगच्या लग्नासाठी किल्ट भाड्याने हवा होता. काउंटरवरच्या आजोबांनी विचारलं, ‘क्लॅन कोणता?’ आता कुलकर्ण्यांनी क्लॅन कुठून आणायचा? आजोबांनी हसत साधा राखाडी ट्वीडचा किल्ट काढून दिला. विषय संपला.

मला मात्र त्या राखाडी किल्टने कामाला लावलं.

किल्ट म्हटला की डोळ्यांसमोर लाल-हिरव्या चौकड्या येतात. ते टार्टन. अमुक चौकडी मॅक्डोनाल्डांची, तमुक कॅम्पबेलांची, आणि हे सगळं म्हणे अनादी काळापासून. बॉस, तसं काही नाही! जुना हायलँडर एक लांबलचक, न शिवलेलं लोकरी कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचा, उरलेलं खांद्यावर टाकायचा आणि रात्री तेच पांघरायचा. आपल्या नऊवारीचा लांबचा मावसभाऊच. त्यातला खालचा भाग वेगळा करून सुटसुटीत किल्ट केला तो १७२०च्या दशकात, आणि एका जुन्या पत्रावर विश्वास ठेवायचा तर करणारा होता थॉमस रॉलिन्सन, लोखंडाची भट्टी चालवणारा इंग्रज! (यावर स्कॉटलंडमध्ये अजूनही भांडणं होतात.)

१७४६ साली कलोडनच्या लढाईत बंडखोर हरले आणि लंडनने हायलँडच्या पुरुषांच्या या पोशाखावरच बंदी घातली. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं काळं पाणी. सूट फक्त सैन्यातल्यांना. १७८२ मध्ये बंदी उठली, तेव्हा एक अख्खी पिढी किल्टशिवाय मोठी झाली होती. मग सुरू झाला नॉस्टॅल्जियाचा धंदा. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने क्लॅनप्रमुखांकडे आपापल्या टार्टनचे नमुने मागितले, तर काहींना आपलं टार्टन कोणतं हेच माहीत नव्हतं! १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. लेखक वॉल्टर स्कॉटने त्याला किल्ट चढवला, खाली गुलाबीसर टाइट्स. त्यानंतर ज्याला त्याला घराण्याची चौकडी हवीशी झाली. १८४२ मध्ये दोन भावांनी ‘प्राचीन हस्तलिखिता’वरून टार्टनचं जाडजूड पुस्तक छापलं. हस्तलिखित बनावट होतं, पण त्यातल्या कितीतरी चौकड्या लोक आजही अभिमानाने मिरवतात.

ट्वीडला असलं काही लागत नाही. मुळात हे जाडंभरडं, वारा-पाऊस सोसणारं लोकरी कापड. एकोणिसाव्या शतकात इस्टेटींच्या मालकांनी आपल्या डोंगराच्या रंगाचं ट्वीड विणून घ्यायला सुरुवात केली. खडक, वाळलेलं गवत, हेदरची झुडपं, सगळं त्या धाग्यांत. शिकारीत हरणाला माणूस दिसू नये एवढाच फंडा. म्हणजे टार्टन तुमचं कूळ सांगतं आणि ट्वीड तुम्ही कुठल्या डोंगरावर कामाला आहात ते.

मला सगळ्यात आवडला तो लॉर्ड एल्को. १८५९ मध्ये त्याने लंडनमधल्या स्कॉटिश लोकांची स्वयंसेवक पलटण उभी केली. टार्टन कोणाचं घ्यायचं? एकाचं घेतलं तर दुसरा रुसणार! त्याने सरळ हॉडन ग्रे निवडला, म्हणजे ट्वीडचाच गावठी भाऊ. मॅक-अमुक आणि मॅक-तमुक एकाच रंगात. १९१४ च्या ऑक्टोबरअखेर बेल्जियममध्ये मेसिनला ही लंडन स्कॉटिश पलटण लढली ती याच राखाडी किल्टमध्ये.

आणि हे कापड विणतं कोण? हॅरिस ट्वीडसाठी तर १९९३चा स्वतंत्र कायदाच आहे: लोकर आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवायची, तिथेच कातायची, आणि बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी हातानेच विणायची. खरं वर्क फ्रॉम होम! पूर्वी विणलेलं ओलं कापड बायका टेबलाभोवती बसून, गाणी म्हणत आपटायच्या. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या की नाही? फक्त कापड भिजवलेलं असायचं शिळ्या मूत्रात. नाक मुरडू नका, त्याने कापड तयार व्हायला मदत व्हायची.

आता ऑनसाइटवाल्यांसाठी कामाच्या गोष्टी. पारंपरिक किल्टला साधारण आठ वार कापड लागतं. चुण्या मागे, सपाट बाजू पुढे. उलटा घालून सेल्फी टाकू नका. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत. ट्वीडचा किल्ट दिवसा घालायचा, जाड लोकरी मोजे आणि साधा चामड्याचा स्पोरन लावून. पिन फक्त वरच्या पदराला, दोन्ही पदर एकत्र टोचले की चालताना फाटतो. आणि आत काय घालायचं, हा तुमच्या मनातला प्रश्न? २०१० मध्ये स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीने स्पष्टच सांगितलं की अंडरवेअर घाला. भाड्याचा असेल तर प्लीज, नक्कीच घाला.