जे आधी होईल ते

आधी एक कबुली देतो. पहिल्या वर्षाचा रिझल्ट लागून जेमतेम पंधरा दिवस झाले असताना मी एक सेकंडहँड गाडी 'पास' केली होती. ती नापास व्हायला हवी होती. त्याची शिक्षा मला नाही, माझ्या आजीला होता होता राहिली. म्हणून हा लेख.

माझा मामा मुलुंड पूर्वेला राहतो. आजीचे गुडघे गेलेले, आणि दवाखान्याचं नाव काढलं की रिक्षावाले मान फिरवणार. त्यामुळे जुलै 2023 मध्ये मामाने जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. बोरिवलीच्या एका सोसायटीत 2010 ची छोटी पेट्रोल गाडी मिळत होती. एकच मालक, तेही निवृत्त आजोबा. मला हॉस्टेलवर फोन आला, "अरे, घरात इंजिनीअर असताना बाहेरचा मेकॅनिक कशाला न्यायचा? ये तू!" आता असं म्हटल्यावर कोण नाही जाणार?

गाडी बघितली आणि मी खूश. रंग चकाचक, सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच, टायरची नक्षी नव्यासारखी. आणि मीटरवर फक्त 19,000 किलोमीटर! पेडलचे रबर झिजलेले नव्हते, स्टिअरिंग गुळगुळीत झालेलं नव्हतं, म्हणजे आकडा खरा होता. कोणी मीटर मागे फिरवलेला नव्हता. मी ऐटीत सांगितलं, "मामा, डोळे मिटून घे." सौदा 1,30,000 ला झाला. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता आणि त्या बिचाऱ्या आजोबांचाही नव्हता. दोष माझ्या एका समजुतीचा होता. ती समजूत तुमच्यापैकी निम्म्या लोकांची असणार, म्हणून पुढचं सांगतो.

डिसेंबरमध्ये पुण्याचं लग्न आटपून आम्ही परत येत होतो. मामा चालवत होता, मी शेजारी, मागे मामी आणि आजी. खंडाळ्याचा घाट उतरताना मामाचा पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या घाटात पेडल मऊ लागायला लागलं आणि एका वळणावर ते थेट खाली गेलं. मामा ओरडला नाही, हे आमचं नशीब. त्याने गिअर उतरवला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत उभी केली. आजी झोपेतून उठून विचारते, "मुलुंड आलं का रे?" त्या प्रश्नाला आम्ही आजही हसतो, पण त्या वेळी माझे हात थरथरत होते.

अर्ध्या तासाने ब्रेक आपोआप परत लागायला लागले. हळूहळू खोपोली गाठली. तिथल्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "काका, हा तर चहा झालाय. कधी बदललं होतं?" आम्ही गप्प. ते 2010 चंच होतं!

आता थोडी थिअरी, म्हणजे आपल्या स्टाफलाही बरं वाटेल. ब्रेक ऑइल हे खरं तर ऑइल नाहीच. ते ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव आहे आणि हवेतली वाफ शोषत राहतं, गाडी चालो वा न चालो. नवीन डॉट-3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की तो 140 पर्यंत उतरला तरी चालतो, असं खुद्द स्टँडर्डच सांगतं. आमच्या डबीत तर तेरा पावसाळ्यांची मुंबईची हवा मुरली होती. घाटात ब्रेक तापले, द्रव उकळलं, वाफ झाली. द्रव दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली गेलं. गार झाल्यावर वाफेचं पाणी झालं आणि ब्रेक परत आले. हा हायड्रॉलिक्सचा पहिला धडा मी परीक्षेत सुरेख लिहिला होता. बोरिवलीला डबीचं झाकण उघडायचं मात्र सुचलं नाही.

घरी आल्यावर मी गाडीचं सर्व्हिस पुस्तक काढून बसलो. पानोपानी एकच वाक्य: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. आपण सगळे या वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचतो. आजोबांनीही तेच केलं. "गाडी चाललीच कुठे, मग सर्व्हिसिंग कशाला?" माझं म्हणणं इतकंच आहे की जुन्या गाडीच्या बाबतीत खरा धोका त्या वाक्याच्या दुसऱ्या भागात असतो.

19,000 भागिले तेरा वर्षं करून बघा. रोजचे सरासरी चार किलोमीटर. देऊळ, भाजी, परत घर. एवढ्यात इंजिन धड तापतही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, पटत नसेल तर ऑक्टेनचं समीकरण मांडून बघा. सायलेन्सर गरम असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड असेल तर आतच साचतं आणि पत्रा आतून खातं. आमचा सायलेन्सर बाहेरून ठीक दिसत होता, आतून चाळणी झाली होती.

टायरचंही तेच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर 3110 होतं, म्हणजे 2010 चा एकतिसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण कडेला बारीक भेगा. रबर वापराने झिजतं आणि नुसतं राहूनही कडक होतं. टायमिंग बेल्ट, कूलंटचे पाइप, ब्रेकचे होज, सगळ्यांची हीच गोष्ट. शेवटी टायर 14,000, टायमिंग बेल्ट आणि त्याचं सामान 6,000, ब्रेकचं काम 5,500, बॅटरी 4,000, सायलेन्सर 4,000, कूलंट आणि पाइप 3,500. एकूण 37,000! 'कमी चाललेली' म्हणून मामाने जे जास्तीचे पैसे मोजले होते, ते वेगळेच.

कोणी म्हणेल, मग काय टॅक्सी विकत घ्यायची? चेष्टा सोडा, पण त्या काळ्यापिवळ्या पद्मिनी आठवा. रोज धावायच्या, रोज कोणीतरी बॉनेट उघडून बघायचं, आणि लाखो किलोमीटर ओढायच्या. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हा त्यांचे किलोमीटर कोणी मोजले नाहीत. वीस वर्षांची मर्यादा संपली, एवढंच कारण. आपल्या गाडीचं रजिस्ट्रेशनही पंधरा वर्षांनी संपतं, मीटर काहीही म्हणो. मामाचं सप्टेंबर 2025 मध्ये संपलं. 2022 पासून कारच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 झाली आहे, शिवाय ग्रीन टॅक्स. तेरा वर्षांची गाडी घेताना हा खर्च दोन वर्षांवर आलाय, हे आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं.

याचा अर्थ अशी गाडी घेऊ नका, असं मी म्हणत नाही. इंजिन खरोखर कमी झिजलेलं असतं आणि नीट करून घेतलं तर गाडी सोन्यासारखी चालते. फक्त तिला वयाने मोजा. टायरचे आकडे वाचा. ब्रेक ऑइल बघा. सर्व्हिसची बिलं मागा, आणि नसतील तर काहीच बदललेलं नाही असं धरून किंमत पाडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आपल्या उपनगरात 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि नंतरही अनेकदा गाड्या बुडाल्या आहेत. धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय आणि जुनं कर्ज असेल तर बँकेचं नाव निघाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांत नावावर करायला टाका.

आणि घेतल्यावर गाडी चालवा! मामा आता दर रविवारी सकाळी आजीला घेऊन ऐरोली पुलावरून वाशीला जाऊन येतो. ऑक्टोबर 2024 पासून तिथे कारला टोलही नाही. इंजिन तापतं, बॅटरी भरते, टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाणी ओढून घ्यायची सवय असल्याने हे जास्तच गरजेचं. आजी म्हणते, गाडीपेक्षा तिलाच बरं वाटतं.

आपल्या हॉस्टेलच्या मागच्या चिंचेखाली स्टाफच्या दोन गाड्या कव्हर घालून उभ्या आहेत. कुणाच्या ते विचारणार नाही. पण सरांनी परवानगी दिली तर आम्ही फायनल इयरवाले एका शनिवारी त्यांची ब्रेक ऑइलची डबी उघडून बघू. फी एक कटिंग चहा. डबीत चहा निघाला नाही म्हणजे मिळवली!