भराव टाकण्याआधी पाणी पडद्यावर पाहा

जुलै २०१८ चा पूर आपण विसरलेलो नाही. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईकडून पुराचा अभ्यास करून घेतला. जमिनीची उंची, पाऊस, भरती संगणकात घातली, की भरावानंतर पाणी कुठे तुंबेल ते पडद्यावर आधीच दिसते. पण नंदाखालची बावखले नि वाडीतले पाट त्यात नसतील, तर ते चित्र काय कामाचे? बावखल बुजले की पाणी शेजारच्या केळीत शिरते आणि मुळे कुजतात. म्हणून मोजणीवाले आले की घरात बसू नका, आपले बावखल दाखवा. बांधकामाला परवानगी देण्याआधी ते चित्र गावाला दाखवा, असा आग्रह धरा. एकदा इमारत उभी राहिली, की खालचे बावखल कोण खणून देणार?