झोंबले म्हणजे जंतू मेले, हा गैरसमज सोडा!

14 एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी पुणतांब्यातल्या सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. जयंतीच्या मिरवणुकीत पांढराशुभ्र शर्ट, निळा फेटा आणि गुळगुळीत दाढी हवीच, ही आपल्या पोरांची हौस. ती असावीच. पण दुसऱ्या दिवशी उन्हात नाचताना कित्येकांच्या गळ्यावर लाल पुरळ उठलेले असते, गाल भाजल्यासारखे दिसतात. विचारले तर हसून सांगतात, "ताई, लोशन झोंबलं म्हणजे जंतू मेले."

आम्ही परिचारिका म्हणून वर्षानुवर्षे जखमा धुतल्या आहेत. म्हणून हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. इंजेक्शन देण्याआधी आम्ही स्पिरिटचा बोळा फिरवतो तो अखंड कातडीवर. उघड्या जखमेवर कोणतीही जाणती सिस्टर स्पिरिट ओतत नाही. दाढी केल्यावर गालाची कातडी अखंड राहिलेली नसते. वस्तरा केसांबरोबर कातडीचा वरचा पातळ थरही खरवडून नेतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा पडतात. त्यावर स्पिरिटसारखे लोशन चोपडले की आग होणारच. ती आग म्हणजे शरीराची तक्रार आहे. औषध लागू पडल्याची ती पावती नव्हे.

मग लावायचे काय? ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांनी पाण्यासारखे पातळ, भपकन वास मारणारे लोशन घेऊच नये. साय असावी तसा दाट बाम घ्यावा, किंवा बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर घ्यावे. बाटलीवर 'आफ्टरशेव्ह' असे लिहिलेलेच पाहिजे असे मुळीच नाही. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. जे जास्त प्रमाणात असते ते यादीत आधी छापलेले असते. सुरुवातीलाच 'अल्कोहोल डिनॅट' दिसले तर बाटली परत ठेवा. मात्र 'सिटाइल अल्कोहोल' किंवा 'सिटोस्टिअरिल अल्कोहोल' वाचून घाबरू नका. ती मेणासारखी असतात आणि त्वचा मऊ ठेवतात. 'फ्रॅग्रन्स', 'पर्फम', मेन्थॉल, कापूर यांपासून दूर राहा. गारवा वाटतो म्हणजे त्वचा निवली असे नसते. ग्लिसरीन, पँथेनॉल, अ‍ॅलँटॉइन, सेरामाइड ही नावे दिसली तर चांगले. नवी बाटली आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, असे सात दिवस लावून पाहा. खाज किंवा लाली आली नाही, तरच गालाला लावा.

घरगुती उपायांबद्दलही बोलले पाहिजे. बांधावरची कोरफड चांगली, पण पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक निथळू द्यावा, गर धुवावा आणि मगच लावावा. तो चीक त्वचेला बाधतो. लिंबू मात्र कधीही चोळू नये. लिंबाचा रस लावून उसाच्या फडात उन्हात गेलात तर कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. तुरटी बारीक चिरेतले रक्त थांबवते, हे खरे. पण ती त्वचा कोरडीही करते. लावलीच तर मिनिटभराने गार पाण्याने धुवावी आणि वर मॉइश्चरायझर लावावे.

तुरटीचा खरा धोका निराळाच आहे. सलूनमधला एकच खडा सकाळपासून किती गालांवरून फिरला, याचा हिशेब कोण ठेवतो? कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे ब्लेड नवे आणि खडा जुना असेल तर अर्धीच काळजी घेतली. ब्लेड आपल्यासमोर पाकिटातून काढलेले हवे आणि तुरटीचा खडा आपल्या घरचा हवा. मोठ्या माणसांनाही कावीळ ब ची लस घेता येते. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा.

"ब्लेड बदला" हे दोन शब्द उच्चारायला आपली वडीलधारी माणसे अजून संकोचतात. हा संकोच कुठून आला, ते आम्हाला ठाऊक आहे. साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपत होती, तरीही लहानग्या भीमरावांचे केस त्यांच्या थोरल्या बहिणीला कापावे लागत. बाबासाहेबांनी ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे. ज्या पिढ्यांना सलूनच्या खुर्चीवर बसायला मिळणे हीच लढाई होती, त्यांची जीभ ब्लेड मागायला कशी रेटणार? पण आता खुर्ची मिळाली आहे, तर स्वच्छ ब्लेडही हक्काने मागितले पाहिजे. मागताना सलूनवाल्या भावाचा अपमान मात्र करायचा नाही. तोही हातावर पोट असलेला कष्टकरी आहे. भगवान बुद्धांच्या संघात न्हावी असलेल्या उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, आणि विनयात तोच अग्रगण्य ठरला. शिवाय दिवसभर वस्तरा हाताळताना स्वतःचे बोट कापले, तर रोगाची जोखीम त्यालाही आहेच.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आमच्या माहितीतला एक तरुण पुणतांब्याहून रोज शिर्डीला जातो. एका ठिकाणी सुरक्षारक्षक आहे. रोज तुळतुळीत दाढी हा तिथला नियम. त्याचे केस कुरळे. कुरळा केस मुळाशी कापला की त्याचे टोक वळून पुन्हा कातडीत शिरते आणि फोड येतो. फोडांवर त्याने मेडिकल दुकानातून, चिठ्ठीशिवाय, एक मलमाची ट्यूब आणली. दोन दिवसांत चेहरा निवळला, वर उजळही दिसू लागला. घरात लग्नाचे बोलणे चालू होते. मग काय, वर्षभर मलम चालूच. आमच्याकडे आला तेव्हा गालांवर लाल रेषांचे जाळे होते, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आणि ऊन लागले की डोळ्यांत पाणी येत होते. "ताई, लावलं नाही तर आग होते, लावलं तर चेहरा जातोय," तो म्हणाला.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही त्यांतली नेहमीची नावे. ती वाचायला शिका. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिले तर ते चांगले औषध आहे. मनाने चेहऱ्यावर चोपडत राहिले तर ते कातडी पातळ करते, पुरळ वाढवते, गजकर्ण लपवून पसरवते, आणि सोडताच दुप्पट आग करते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही कोणी तशी विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. जे बरेच दिवस लावत आहेत त्यांनी एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आपल्या तालुक्यात लोणीच्या प्रवरा मेडिकल कॉलेजमध्ये त्वचारोग विभाग आहे. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. गोरेपणासाठी कातडी सोलणे हा आजार ट्यूबमधला नाही, समाजाच्या नजरेतला आहे. आपण तरी आपल्या पोरांना ती नजर देऊ नये.

अशा तरुणासाठी सगळ्यांत चांगले 'आफ्टरशेव्ह' कोणते? आमचे उत्तर आहे, कमी दाढी. मशिनने एक मिलिमीटर केस ठेवून कापले तर फोड बहुतांशी थांबतात. ब्लेडच वापरायचे असेल तर आंघोळीनंतर, केस मऊ झाल्यावर, केसांच्या दिशेने, एकदाच फिरवावे. उलटी दाढी नको, कातडी ताणणे नको.

पण नोकरीचा नियमच आड येत असेल तर? अमेरिकेच्या सैन्यात कुरळ्या केसांमुळे हाच त्रास काळ्या सैनिकांना मोठ्या प्रमाणात होतो, आणि तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दाढी न करण्याची सवलत अनेक दशके दिली गेली. जे बंदूकधारी सैनिकाला चालले, ते फाटकावर उभ्या असलेल्या रखवालदाराला का चालू नये? नीट कापलेली बारीक दाढी अस्वच्छ नसते. डॉक्टरांचा कागद घ्या, मालकापुढे ठेवा, आणि एकट्याने जमत नसेल तर चौघांनी मिळून ठेवा. संघटित व्हा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

गळ्यावर सूज, पू, ताप असेल, किंवा मधुमेह असून जखम भरत नसेल, तर घरगुती उपचार करत न बसता दवाखाना गाठा.

त्या तरुणाचे मलम आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटले आहे. गाल अजून लाल आहेत, वेळ लागेल. येत्या जयंतीला तो बारीक दाढी ठेवून मिरवणुकीत येणार आहे. त्याच्यासोबत चालणाऱ्या पोरांना आमचे एकच सांगणे, स्वाभिमान चेहऱ्यावर दिसतो, त्यासाठी चेहरा जाळावा लागत नाही.

जय भीम.