कातळावरची माती

लोणावळ्यात बंगल्यांसाठी डोंगर कापला जातो, तेव्हा हिशेब मागितला जातो तो झाडांचा. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात वृक्षगणनेची तरतूद आहे. झाडाखालच्या वीतभर काळ्या मातीची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या कातळावर, पिढ्यान्‌पिढ्यांचा पाचोळा कुजून ती साचलेली असते. १९७० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वर्तक यांनी अभ्यासलेल्या देवरायांपैकी कित्येकांत पडलेले पानही उचलण्यास मनाई होती. त्या निषेधात, श्रद्धेइतकेच, मातीचे शहाणपण होते. उघडी पडलेली माती मावळचा पाऊस थेट इंद्रायणीत नेतो. मग मुरमात खड्डे खणून लावलेली भरपाईची रोपे जगावीत कशावर? परवान्यापूर्वी मातीची खोली मोजण्याची अट घालावयास कोणती अडचण आहे?