उपदेश नको, आगार द्या

धूर सोडणाऱ्या वाहनांविषयी शहरात जी चर्चा चालते तिचा सारा रोख वाहन चालविणाऱ्यावर असतो. टॅक्सीवाला जुनी गाडी सोडीत नाही, जीपवाला डिझेलला चिकटून बसला आहे, त्याला हवेची पर्वा नाही, असे आपण दिवाणखान्यात बसून सहज म्हणून जातो. या आरोपात तथ्य किती, हे ज्याला पाहावयाचे असेल त्या पुणेकराने एकदा नाशिक रस्त्याने मंचर गाठावे आणि तेथून अवसरीवरून पारगावकडे वळावे.

भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. एस. टी. ची फेरी चुकली की येथील माणसाला आधार वडापाचा. बाजारला निघालेली बाई, अवसरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी, दवाखान्यात जाणारा म्हातारा, या सर्वांची ने-आण करणारा हा जीपवाला स्वच्छ वाहनाचा शत्रू आहे काय? त्याच्याइतका हिशेबी माणूस गणिताच्या मास्तरांतही सापडणार नाही. डिझेल लिटरला नव्वद रुपये आणि गाडीची धाव लिटरला पंधरा किलोमीटर धरली, तर किलोमीटरला सहा रुपये जळतात. विजेवरची लहान मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. युनिटला दहा रुपये मोजले तरी खर्च दीड रुपयाच्या आसपास राहतो. हे त्याला आपण सांगावयास नको. शिवाय बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्येच परवान्याच्या अटीतून सूट दिलेली आहे.

मग तो थांबला आहे कशासाठी? धूर सोडणारी का होईना, ती जीप त्याची आहे, तिचे हप्ते फिटलेले आहेत. नवी गाडी म्हणजे नवे कर्ज. आणि ते कर्ज अशा गाडीसाठी, की जी भर दुपारी मंचर आणि पारगाव यांच्या दरम्यान थकली तर कोठे न्यावी हे त्याला ठाऊक नाही. एस. टी. महामंडळाने १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू केली. ती करता आली, कारण महामंडळापाशी आगारे आहेत. गाडी आत आणली, तारेला जोडली, काम झाले. एकट्या जीपवाल्यापाशी आगार कोठून येणार? ते त्याला ग्रामपंचायतीने द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ग्रामपंचायतीपाशी पैसा नसतो, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. परंतु जागा असते. स्थानकाजवळची किंवा बाजारतळाच्या कडेची चार गाड्यांची जागा केवळ प्रवासी वाहनांसाठी राखून ठेवावी, महावितरणकडून तेथे पुरेशा दाबाची जोडणी घ्यावी, वर पत्र्याची सावली करावी. वाहनाला वीज देण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला आहे. तेव्हा कायद्याची सबब पुढे करण्याचे कारण नाही. दुपारी बारा ते चार ही वडापाची मंदीची वेळ. त्या वेळी वीज स्वस्त मिळाली, तर वाहन भरून घेण्यात धंदा बुडत नाही. जागेवर दिवे मात्र लख्ख हवेत. उसाच्या या मुलखात बिबट्याच्या भीतीने दिवेलागणीनंतर माणसे घराबाहेर पडावयास कचरतात. अंधाऱ्या कोपऱ्यात उभारलेले केंद्र रात्री कोणी वापरणार नाही. उसाच्या चिपाडापासून वीज करणारा कारखाना शेजारीच आहे. त्याचे सभासद आणि गावचे पंच पुष्कळदा एकाच घरातले असतात. त्यांनी मनावर घेतले, तर पहिल्या खांबाचा खर्च निघणे अवघड नाही.

जागेइतकीच कामाची हमीही महत्त्वाची आहे. नगरपंचायत, पंचायत समिती, शाळा, आरोग्य केंद्र या साऱ्यांना भाड्याची वाहने लागतातच. ती विजेवरच्या गाडीवाल्याकडून तीन वर्षांच्या कराराने घेतली, तर तो कागद बँकेच्या खिडकीवर कोणत्याही शिफारसपत्राहून अधिक उपयोगी पडेल. ‘माझी वसुंधरा’ अभियानाच्या घोषणा भिंतींवर रंगविण्यापेक्षा हे काम थोडे कष्टाचे आहे खरे.

केवळ सक्तीने काय होते हे मुंबईने पाहिले आहे. धुराने त्रासलेल्या नागरिकांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ पासून जे आदेश दिले, त्यांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजी घेणे किंवा रस्ता सोडणे भाग पडले. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु पंप पुरेसे नव्हते, आणि टॅक्सीवाल्याच्या कमाईचे तास रांगेत उभे राहण्यात गेले. तो भुर्दंड कोणत्याही निकालपत्रात नोंदलेला नाही. याउलट पुणे महापालिकेने २०११ च्या सुमारास सीएनजीचे किट बसविणाऱ्या रिक्षाला बारा हजार रुपयांचे अनुदान देऊ केले. रक्कम मोठी नव्हती, पण स्थानिक संस्थेने चालकाच्या खर्चात वाटा उचलावा हे तत्त्व तिने मान्य केले. लंडनमध्येही १ जानेवारी २०१८ पासून नव्या टॅक्सीला धूरविरहित धावण्याची क्षमता सक्तीची झाली, तेव्हा जलद चार्जिंगची काही ठिकाणे टॅक्सींसाठीच राखून ठेवण्यात आली होती. सक्ती होतीच, पण तिच्याबरोबर सोयही होती.

पुणेकरांनी याकडे परगावचा प्रश्न म्हणून पाहू नये. मंचर, नारायणगाव, राजगुरुनगर येथून निघालेली वाहने चाकण ओलांडून आपल्याच दारी येतात, आणि महापालिकेची हद्द लागली म्हणून त्यांचा धूर तेथे थांबत नाही. जिल्हा परिषदेने या रस्त्यावरील पाच-सहा गावे निवडावीत, प्रत्येकी एक जागा नक्की करावी आणि महावितरणच्या अभियंत्यांना घेऊन ती प्रत्यक्ष पाहावी. पारगावच्या ग्रामसभेने तर त्यासाठीही थांबू नये. जागेचा ठराव येत्या सभेत मांडावा, आणि त्या सभेला वडापवाल्यांना अगत्याने बोलवावे. खांब कोठे हवा हे तेच अचूक सांगतील.