जमीन आरोग्य पत्रिकेत सूक्ष्मजीवांची नोंद नाही

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधील स्वच्छाग्रह कलिका केंद्रात ओल्या कचऱ्यापासून खत करण्याच्या पद्धती नागरिकांना दाखवल्या जातात. हे काम करणारे सूक्ष्मजीव शेतजमिनीच्या तपासणीत मात्र उपेक्षितच आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटक तपासले जातात. त्यांत सेंद्रिय कर्ब आहे, सूक्ष्मजीवांची मोजणी नाही.

उसाचे पाचट जाळणे आणि वारंवार खोल नांगरट यांमुळे कर्ब घटतो, म्हणजेच सूक्ष्मजीवांचे अन्न कमी होते. पाचट शेतातच कुजवल्यास ते परत मिळते. तथापि कर्ब वाढण्यास वर्षे लागतात. सूक्ष्मजीवांमधील बदल त्याआधी दिसतो. तोच पत्रिकेत नसल्याने शेतकऱ्याच्या प्रयत्नांची पोच त्याला उशिरा मिळते.